गळतीचं औषध

धुळ्याच्या देवपुरात कुणाच्या गाडीचा एसी थंड हवा देईनासा झाला, की लोक त्याला सांगत, झुलालकडे ने. आणि लगेच पुढे सांगत, पण त्याच्याशी वाद घालू नको.

झुलाल पारोळ्याकडच्या एका कोरडवाहू खेड्यातला. सोळाव्या वर्षी तो जळगावला एका उस्तादाकडे लागला. उस्तादाने चार वर्षांत त्याला एसीचं सगळं काम शिकवलं, आणि ते रबरी नळीच्या तुकड्याने मारून शिकवलं. गॅसची गेज उलटी लावली की एक फटका. नट आवळायचा राहिला की दोन. झुलालच्या पाठीवर त्याचे वळ अजून होते. अंघोळीच्या वेळी बायको, कामिनी, त्यावरून हात फिरवायची तेव्हा तो म्हणायचा, "ह्याच्यामुळे हातात काम आलं." त्याला हे मनापासून वाटत होतं.

त्यामुळे त्याचाही हात चालायचा. बनावट गॅसचं सिलिंडर खपवायला आलेल्या एका माणसाला त्याने भर रस्त्यात ओढून नेलं होतं आणि त्याचे दोन दात पाडले होते. गिऱ्हाईक म्हणालं, "तुम्हीच काहीतरी बिघडवलं असेल," तर झुलाल बोनेट धाडकन आपटायचा आणि गाडीची किल्ली रस्त्यावर भिरकावायचा. तरी लोक येत. एकदा त्याने हात लावला की तीन-तीन उन्हाळे गाडीकडे बघावं लागत नसे.

गॅरेजात त्याच्यासोबत दुसरा माणूस एकच, रुपचंद. हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा नवरा. जिनिंगचा कारखाना बंद पडला तेव्हा सुनंदाच्या शब्दाखातर झुलालने त्याला हाताशी घेतलं, त्याला चौदा वर्षं झाली होती. रुपचंद बोलायला मऊ. चिडलेलं गिऱ्हाईक आधी त्याच्याकडेच जाई. तो पाणी देई, खुर्ची देई, गाडीची सगळी कहाणी ऐकून घेई.

या रुपचंदलाही झुलालने एकदा मारलं होतं. एका गाडीचा पाइप नीट आवळायचा राहिला आणि भरलेला गॅस रात्रीतून उडून गेला. सकाळी गाडीवाला परत आला. झुलालने त्याच्यादेखत रुपचंदच्या कानाखाली अशी लगावली, की चष्मा उडून ऑइलच्या ट्रेमध्ये पडला. रुपचंदने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पाइप आवळायला घेतला. संध्याकाळपर्यंत झुलाल ते विसरूनही गेला. दुसऱ्या दिवशी त्याने चष्म्याची नवी फ्रेम पाठवली. झालं गेलं मिटलं, असं त्याने धरलं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गॅरेजात एक विक्रेता आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खोकं, खोक्यात छोट्या छोट्या डब्या.

"लीक बंद करायचं औषध आहे, भाऊ. गॅसच्या नळीतूनच आत सोडायचं. गॅसबरोबर फिरतं, आणि जिथे बारीक भोक असेल तिथे बाहेरची हवा लागली की घट्ट होतं. भोक बंद! डॅशबोर्ड खोलायला नको, त्यामागची थंड हवेची कॉइल बदलायला नको. वीस मिनिटांत गाडी मोकळी."

झुलाल आत गेला आणि टेबलाखालून एक जुना, मधोमध उघडलेला कॉम्प्रेसर घेऊन आला. तो त्याने विक्रेत्याच्या नाकाखाली धरला. आत पिस्टनच्या भोवती पिवळट, काचेसारखं टणक काहीतरी गोठून बसलं होतं.

"हवा लागली की घट्ट होतं म्हणतोस ना? आणि पाइपात आधीच ओल शिरलेली असली तर? मग ते भोकापर्यंत कशाला जाईल? आतच जमतं. वॉल्व्ह बुजवतं, ऑइल फिरू देत नाही, आणि एक दिवस चालत्या गाडीत कॉम्प्रेसर जाम होतो. दुसऱ्या कुणी हेच औषध टाकून बिघडवलेली गाडी माझ्याकडे आली होती, त्यातला हा."

"आधी व्हॅक्यूम लावून पाइपातली हवा-ओल नीट ओढून काढली तर असं होत नाही, भाऊ. सगळ्याच गाड्यांना..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. झुलालने त्याची गचांडी धरून त्याला गॅरेजच्या बाहेर ढकललं. मागोमाग खोकं फेकलं. डब्या रस्त्यावर घरंगळल्या आणि एक टेम्पो त्यांच्यावरून गेला. विक्रेता शिव्या देत उरलेल्या डब्या गोळा करू लागला. झुलालने वळून रुपचंदकडे बोट केलं. रागात त्याच्या तोंडी गावची अहिराणी येई, 'माझ्या'चं 'मन्या' होई.

"हे औषध मन्या गॅरेजमा दिसनं, ते मी हात तोडसू."

रुपचंदने मान हलवली.

मेच्या पहिल्या आठवड्यात झुलालला दोन दिवस चाळीसगावला जावं लागलं. कामिनीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आल्यावर त्याने विचारलं, "काय काय कामं झाली?" रुपचंदने तीन गाड्या सांगितल्या आणि शेवटी म्हणाला, "चोपड्याची एक गाडी होती. केळीवाले भूपेंद्रभाऊ. गॅस कमी होता, भरून दिला." झुलालने पुढे काही विचारलं नाही. बाहेर चार गाड्या उभ्या होत्या आणि पारा पंचेचाळिसाच्या वर गेला होता.

अकरा दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास दोन जीपगाड्या गॅरेजसमोर येऊन थांबल्या. त्यांतून पाच माणसं उतरली. पुढचा माणूस पस्तिशीचा, पांढऱ्या कपड्यांतला, डोकं नुकतंच भादरलेलं. वस्तऱ्याच्या खुणा अजून ओल्या होत्या. झुलाल एका गाडीच्या इंजिनात वाकला होता. त्याने मान वर केली.

"झुलाल कोन शे?"

"मीच. काय काम आहे?"

"काय टाकं रे तू मन्या गाडीमा?"

झुलाल सरळ उभा राहीपर्यंत पहिला फटका खांद्यावर बसला. लोखंडी गज होता. खांद्यापासून बोटांपर्यंत हात बधिर झाला.

"मनी माय मरी गयी!" भादरलेल्या डोक्याचा माणूस ओरडला. तोच भूपेंद्र. "रस्तामा, उन्हमा मरी गयी!"

झुलालला कळेना. पण मार कळत होता, आणि मार खाऊन गप्प बसायची सवय त्याने जळगावातच सोडली होती. डाव्या हाताला मोठा पाना लागला. त्याने तो आडवा फिरवला. सगळ्यात जवळच्या माणसाच्या गळ्याखालचं हाड कडकन मोडलं आणि तो गुडघ्यांवर बसला. दुसऱ्याने मागून झुलालच्या कमरेत लाथ घातली. तो बंपरवर आपटला, ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. तरी तो वळला आणि डोक्याने त्या माणसाचं नाक फोडलं. एवढ्यात तिघांनी मिळून त्याला धरलं.

"सोडा! सोडा त्यास्ले!" कोपऱ्यातून रुपचंद पुढे आला. एकाने छातीवर हात देऊन त्याला ढकललं. तो टायरांवर पडला आणि मग तिथेच बसून राहिला.

"सांग. काय टाकं?"

"मी काही टाकं नही. तुझी गाडी मी बघितलीसुद्धा नाही. माझ्या गॅरेजात फक्त गॅस भरतात!"

"अमळनेरच्या मिस्तरीने सांगितलं, आत काहीतरी औषध टाकलंय. जाम झालाय कॉम्प्रेसर. पट्टा तुटला, इंजिन तापलं, गाडी बंद. तापीच्या अलीकडे, झाड नाही, सावली नाही. पाऊण तास, रे! पाऊण तासाने केळीचा एक ट्रक थांबला. तोवर मायचं अंग भट्टीसारखं झालं होतं. हृदयविकाराची पेशंट ती. दवाखान्यातून सुटून घरी चालली होती."

"मन्या गॅरेजमा ते औषध येतंच नही!" झुलाल थुंकला. थुंकीत रक्त होतं. "जो म्हणतो तो खोटारडा. तुझी माय तिच्या नशिबाने..."

ते वाक्य त्याने बोलायला नको होतं. भूपेंद्रच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं माणूसपण गेलं. त्याने झुलालचा उजवा हात मनगटाला धरला, उघड्या इंजिनाच्या कडेवर पालथा दाबला आणि दुसऱ्या हाताने बोनेट खाली आपटलं. मग उचललं, आणि परत आपटलं.

झुलालच्या तोंडून जो आवाज निघाला तो शेजारच्या पंक्चरवाल्याने कधी ऐकला नव्हता. जनावराचा वाटावा असा. माणसं धावत आली तेव्हा जीपगाड्या निघून गेल्या होत्या.

तीन बोटांच्या हाडांचा चुरा झाला होता. डॉक्टरने तारा घातल्या आणि स्पष्ट सांगितलं, मूठ पुरती वळणार नाही. एक कान सुजून बंद झाला होता, दोन बरगड्यांना तडा गेला होता. पोलीस आले, जबाब झाले. दोन्हीकडून तक्रारी झाल्या, कारण गळ्याखालचं हाड मोडलेला माणूसही दवाखान्यातच होता.

त्या दिवसांत रुपचंदने मेहुण्याची सेवा केली. सुनंदा डबा करून द्यायची, तो घेऊन यायचा, डाव्या हाताने जमत नसे म्हणून घास भरवायचा. झुलाल घास गिळता गिळता एकच म्हणायचा.

"गाडी आणा. मन्यासमोर खोला. त्याच्यासमोर खोला. आत गॅस आणि ऑइलशिवाय काही निघालं तर माझी मान कापा."

रुपचंद भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राही.

"बोल ना. तूच भरला होता ना गॅस?"

"हां. मीच भरला."

फौजदाराला ही कल्पना पटली. गाडी उघडून बघितली की कोण खरं ते कळेल, दोन्ही बाजूंची डोकी थंड होतील. मारहाणीनंतर चौदाव्या दिवशी भूपेंद्रने गाडी टोचन करून धुळ्याला पाठवली आणि स्वतः आला. सोबत त्याचे चुलते होते, हेमराजआबा, चोपड्याकडे ज्यांच्या शब्दाला मान आहे असे म्हातारे गृहस्थ. एक हवालदार आला. शेजारचा पंक्चरवाला आला. सकाळी अकराचं ऊन गॅरेजच्या पत्र्यावर तापत होतं.

कॉम्प्रेसर खाली काढायला रुपचंदच पुढे झाला. एक बोल्ट तीनदा निसटला. झुलाल ओरडला, "सरक बाजूले!" आणि उजवा हात गळ्यातल्या झोळीत तसाच ठेवून, डाव्या हाताने, घाम गाळत त्याने स्वतः कॉम्प्रेसर उघडला. त्याला अर्धा तास लागला.

झाकण निघालं. आत पिवळट, काचेसारखं टणक काहीतरी गोठून बसलं होतं.

झुलालने त्यावर नख घासलं. मग पान्याच्या टोकाने खरवडलं. एक कपचा निघून त्याच्या तळहातावर पडला. इतके दिवस त्याने ज्या गोष्टीवर मान कापून द्यायची तयारी दाखवली होती, ती त्याच्या हातात होती. मेलेल्या बाईच्या मुलाला तो तिच्या नशिबाची गोष्ट ऐकवायला गेला होता.

त्याने मान वर केली ती रुपचंदकडेच.

"मी टाकलं," रुपचंद म्हणाला. आवाज इतका बारीक, की हवालदाराने "काय?" विचारलं. "मी टाकलं, भाऊ. त्या विक्रेत्याकडून चौकात दोन डब्या घेतल्या होत्या. कॉइल लीक होती. डॅशबोर्ड खोलायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. आणि ह्यांच्या आईला त्याच दिवशी दवाखान्यातून सोडणार होते. हे हॉर्न वाजवत उभे होते. म्हणाले, काहीही टाका, पण आजच्या आज गाडी थंड करा. मला वाटलं, म्हातारी उन्हात जाईल... आधी कुणीतरी वाटेत पाइप खोलून तसाच उघडा ठेवला होता. ओल शिरली असणार. पाऊण तास व्हॅक्यूम लावायला पाहिजे होतं. मी दहा मिनिटं लावलं."

हेमराजआबांनी भूपेंद्रकडे बघितलं तेव्हा त्याने नजर खाली घातली. हे शब्द आपलेच होते हे त्याला आठवलं असावं.

"आणि मले सांगं नही?" झुलाल उठला. "माझी बोटं गेली. मी चौदा दिवस शपथा खाल्ल्या. तू घास भरवत होतास मला!"

"तुले सांगाले भीती वाटे, भाऊ."

झुलालला पुढचं ऐकू आलं नाही. डाव्या हातात अजून पाना होता. त्याने तो उचलला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रुपचंद नव्हता, गॅरेज नव्हतं, नुसता लाल रंग होता. पहिला फटका रुपचंदच्या जबड्यावर बसला. चष्मा फुटला, गाल फाटला, रुपचंद भिंतीवर आदळून खाली घसरला. त्याने हातही वर केला नाही. झुलालने दुसऱ्यांदा पाना उगारला. हवालदार "अरे, अरे" म्हणत दोन पावलं पुढे आला, पण त्याच्या आधी कुणीतरी मध्ये पडलं.

सुनंदा होती. दुपारचा डबा घेऊन आली होती ती. नवऱ्यावर वाकून तिने हात आडवा धरला, आणि पाना त्या हातावर बसला.

हाड मोडल्याचा आवाज झुलालच्या ओळखीचा होता. चौदा दिवसांपूर्वी त्याने तो दोनदा ऐकला होता, एकदा दुसऱ्याच्या हाडाचा, एकदा स्वतःच्या. सुनंदा भावाकडे बघत राहिली. मनगटाच्या वर हात वेडावाकडा लोंबकळत होता आणि डब्यातली आमटी तिच्या लुगड्यावर सांडली होती.

तरी पाना झुलालच्या मुठीतच होता. तो भूपेंद्रने काढून घेतला. ज्याने त्याचा हात चिरडला होता, त्याच माणसाने मागून त्याला दोन्ही हातांनी मिठी घालून आवळलं आणि कानाशी म्हणाला, "बस. बस आता. एक बाई गेली ती गेली."

झुलाल त्याच्या हातांत धडपडला, मग त्याचं अंग ढिलं पडलं. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. हेमराजआबांनी सुनंदाला आपल्या गाडीत बसवलं, रुपचंदला हवालदाराने धरलं, आणि गाडी दवाखान्याकडे निघाली.

पोलिसांतलं प्रकरण हेमराजआबांनी मध्यस्थी करून निस्तरलं. दोन्ही बाजूंनी मारहाणीच्या तक्रारी मागे घेतल्या. आईच्या मरणाबद्दल भूपेंद्रने रुपचंदवर गुन्हा नोंदवायचा आग्रह धरला नाही. आबांनी कारण विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हॉर्न मी वाजवत होतो." झुलालने ती गाडी सोडली नाही. डाव्या हाताने, पंक्चरवाल्याला एखादा बोल्ट धरायला लावून, त्याने कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल, एकूण एक पाइप बदलला. महिना लागला. मग गाडी स्वतः चोपड्याला नेऊन दिली. अंगणात पुष्पाबाईंचा, म्हणजे भूपेंद्रच्या आईचा, हार घातलेला फोटो होता. झुलालने त्याला हात जोडले, त्यातला उजवा नीट जुळलाच नाही. "तुझ्या नशिबाने म्हणालो होतो," तो फोटोकडे बघत म्हणाला. "चुकलं." भूपेंद्रने त्याला चहा दिला. गाडीत मात्र तो पुन्हा बसला नाही, त्या पावसाळ्यातच विकून टाकली.

रुपचंद गॅरेजात परतला नाही. जबड्याला तार बांधलेली असतानाच तो जळगावला एका मोठ्या वर्कशॉपात कामाला लागला, आठवड्याने घरी यायचा. त्याचा झुलालवर राग होता की नाही, कुणाला कळलं नाही. तो त्याचं नाव घेत नसे.

सुनंदा धुळ्यातच होती. झुलाल तिच्या दारात तीनदा गेला. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा कामिनी सोबत होती म्हणून उघडलं, पण कामिनीशीच बोलली. तिसऱ्यांदा तो एकटा गेला आणि पायरीवरच बसला. सुनंदा प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून आत तांदूळ निवडत होती.

"सुनंदा, राग काढ माझ्यावर. शिव्या दे. मारायचं तर मार."

तिने ताट बाजूला ठेवलं.

"तुझ्याकडं दुसरं काही नाहीच का रे?" ती म्हणाली. "रागावलास तर मार. पस्तावलास तरी मारच. चौदा वर्षं तो रोज सकाळी तुझ्याकडं यायला निघायचा ना, तेव्हा उंबऱ्यात जरा थांबायचा. मी विचारायची, काय झालं? म्हणायचा, काही नाही. मला वाटायचं देवाचं नाव घेतो."

झुलाल पायरीवरून उठला आणि पायी घरी गेला. त्या रात्री त्याने कामिनीला विचारलं, "मी तुला किती वेळा मारलं असेल?" कामिनी दिवा मालवत म्हणाली, "झोपा आता." त्याने परत विचारलं नाही, आणि त्याला झोपही लागली नाही.

प्लास्टर काढायच्या दिवशी तो कुणी न बोलावता दवाखान्यात गेला आणि रांगेच्या शेवटच्या बाकावर बसला. सुनंदा आत गेली. इलेक्ट्रिक करवतीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता आणि प्रत्येक घरघरीला झुलालचे खांदे वर जात होते. ती बाहेर आली तेव्हा हात बारीक, पांढुरका, थोडा वाकडाच जुळलेला होता. दुसऱ्या हातात पिशवी, फाइल आणि औषधाचं पाकीट असं सगळं सांभाळत ती त्याच्यासमोरून पुढे गेली. दाराशी थांबली. रस्त्यावर ऊन होतं आणि एकही रिक्षा दिसत नव्हती.

"एक रिक्षा देख," ती मागे न बघता म्हणाली.

झुलाल उठला आणि उन्हात गेला.